विहिरीत बुडालेली फ्रेंच वाइन

आमच्या विहिरीत फ्रेंच दारू आहे, अशी जुन्नरच्या बाजारात बोलवा आहे. ती साफ खोटी आहे. विहिरीत ती फक्त पाऊण तास होती, आणि तिला तिथे मीच पाठवलं होतं!

माझी धाकटी बहीण रोहिणी फ्रान्समध्ये एका द्राक्षमळ्यात नोकरी करते. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, जन्मभर द्राक्षबाग केली. तिनंही तोच नाद घेतला. यंदा अण्णांच्या घशावर उपचार झाले आणि तोंडाची चवच गेली. महिन्याभरानं त्यांनी फोनवर जाहीर केलं, "आली गं पोरी चव!" पोरगी रजा काढून धावत आली, ती आपल्या मळ्यातली पांढरी वाइन घेऊनच. आपण वाढवलेल्या द्राक्षांची चव अण्णांनी एकदा घ्यावी, एवढंच तिला हवं होतं. (डॉक्टरांनी एका घोटाची परवानगी दिली होती. आईनं दिली नव्हती.)

"एकबी विषारी फवारणी नाय?" अण्णांनी बाटली उन्हात धरली. "मग वेलीवर भुरीचा रोग कसा आला नाय?"

"सेंद्रिय आहे अण्णा. जपावं लागतं पोरासारखं."

अण्णांनी बाटलीला जवळजवळ नमस्कारच केला.

मग स्वयंपाकघरात रोहिणीनं माझी शिकवणी घेतली. "ही ड्राय असते दादा. गोडवा अजिबात नाही. थंडगार हवी. सोबत मासे, नाहीतर शेळीच्या दुधाचं चीज. तिखट नको."

"तिखट नको?" आईनं पळी आपटली. "लेक दोन वर्सांनी आली म्हणून मासवडी केलीय, झणझणीत रस्सा केलाय. त्या बाटलीला सोसत नसंल तर तिनं जावं माघारी!"

(मासवडी बेसनाची, माशाशी तिचं नातं आकारापुरतं. तरी मी मनातल्या यादीत 'मासे' या शब्दापुढे बरोबरची खूण केली.)

राहिला प्रश्न थंड करण्याचा. "माझ्या फ्रिजात दारू? देवाच्या दुधाशेजारी?" आई म्हणाली. मग मी डोकं चालवलं. पूर्वी अण्णा कलिंगडं पोत्यात घालून विहिरीत सोडायचे. मी बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि दिली सोडून. गाठ मी मारलेली असल्यामुळे ती सुटली.

"दादा! बुडाली?" रोहिणी किंचाळली.

"थंड होतेय," मी म्हणालो.

शेजारचे बबनतात्या बुडालेल्या बादल्या काढायचा गळ घेऊन आले, आणि त्यांच्यामागून अर्धी आळी.

"काय पडलंय, भाऊ?" तात्यांनी विचारलं.

"अण्णांचं टॉनिक!" मी ठोकून दिलं.

तात्यांनी विहीर ढवळून दोन बादल्या आणि एक कळशी काढली. शेवटी बाटली वर आली. "ह्ये टॉनिक माझ्या मेव्हण्यालाबी लागतं," तात्या म्हणाले, आणि आळी हसत हसत पांगली.

या धांदलीत रस्स्यात मीठ दोनदा पडलं. पहिल्याच घासाला आमची तोंडं वाकडी झाली. अण्णा मात्र "झकास!" म्हणत भुरकत होते. माझ्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.

रोहिणीनं स्टीलच्या फुलपात्रात दोन बोटं वाइन ओतली आणि अण्णांसमोर बसली. दुसऱ्या दिवशी तिला परत निघायचं होतं. अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले, सावकाश गिळला.

"गोड हाय, पोरी. लई गोड."

जन्मभर द्राक्षं पिकवलेल्या माणसाकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. पण रोहिणीला कळलं होतं. तरी तिनं मान डोलावली, हसलीसुद्धा. आईनं पदर तोंडाला लावला; तिनंही ओळखलं होतं.

मी मात्र घरातला शहाणा! म्हणालो, "अहो अण्णा, गोड कशी असेल? हिच्यात साखर नसतेच मुळी!"

अण्णांनी फुलपात्र माझ्यापुढे सरकवलं.

"मग तूच सांग रं कशी लागती ती," ते हळूच म्हणाले. "मला काय बी कळंना झालंय. चव आली म्हनलो, ते पोरीचा जीव टांगणीला नको म्हणून."

मी घोट घेतला. वाइन इतकी आंबट होती की कानशिलं शिवशिवली. डोळ्यांत पाणी आलं, ते काही आंबटपणानं नव्हे.

"गोड आहे, अण्णा," मी म्हणालो. "लई गोड."

आयुष्यात इतकं मनापासून खोटं मी कधी बोललो नव्हतो. फक्त मिनिटभर उशीर झाला.