काकू, मुलाला सोडायला आलात?

प्रोग्रॅमिंगची कार्यशाळा सर्वांसाठी खुली आहे, वयाची वा शिक्षणाची अट नाही, असं पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं. त्या सर्वांमध्ये आपणही येतो, असा माझा समज झाला. विमा कचेरीतल्या नोकरीतून मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरातल्या प्रत्येकाकडे माझ्या रिकामपणावर एकेक उपाय तयार होता. त्यात भजनी मंडळ आघाडीवर होतं. म्हणून रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मी कॉलेज रोडवरचा तो हॉल गाठला.

दारातल्या तरुणाने अत्यंत आदराने विचारलं, "काकू, मुलाला सोडायला आलात?"

"नाही, स्वतःलाच सोडायला आले."

तो हसला नाही. विनोदाचं सत्र बहुधा दुपारी असावं.

आत शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारेच जास्त दिसत होते. माझ्या टेबलावर निफाडहून आलेल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आम्हा दोघींच्या वाट्याला आलेला मेंटॉर पुण्यात नोकरी करणारा, पोरसवदा. "फंक्शनल प्रोग्रॅमिंग एकदम सोपं आहे," असं म्हणून त्याने थेट त्यातल्या सर्वांत अवघड कल्पनेला, मोनाडला, हात घातला. मोनाड म्हणजे डबा, त्यात आणखी डबा, आणि डबा थेट उघडायचा नाही.

"मग जेवायचं कधी?" बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

शिकायचं होतं स्वतःच्या हाताने. पण मी एक ओळ लिहायला घेतली की "एक मिनिट हं काकू," म्हणत तो लॅपटॉप ओढून घेई, खडखडखड टाइप करी आणि अभिमानाने म्हणे, "बघा, जमलं तुम्हाला!"

माझी प्रगती बघून मीच थक्क झाले.

शेवटी बाईंनी शाळेतला आवाज काढला. "सर, पोरांची गणितं मास्तरांनीच सोडवली तर पोरं पास होतील, पण शिकायची नाहीत. तुम्ही जरा गप्प बसता का? अडलं तर विचारू."

त्याचा चेहरा पडला. पण बसला बिचारा, ओठ घट्ट मिटून. त्या दिवशी सर्वांत अवघड काम त्यानेच केलं.

आम्ही मुलांच्या गुणांची एक यादी घेतली आणि प्रत्येकाला पाच वाढीव गुण देणारं फंक्शन लिहायला बसलो. पडद्यावर लाल अक्षरांचा पाऊस पडला. कंस विसरलो, स्पेलिंग चुकलो, एकमेकींवर चिडलो. मग अचानक चाललं. जुनी यादी जशीच्या तशी, शेजारी नवी.

"इथे जुनं बदलत नाहीत, नवं तयार करतात," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे खाडाखोड नाहीच! आमच्या मुख्याध्यापकांना पाठवते इकडे."

तो मोकळेपणाने हसला. मग म्हणाला, "मला शिकवणाऱ्यांनीही कीबोर्ड कधी हाती दिला नव्हता. मला वाटायचं, मेंटॉरने असंच करायचं असतं."

त्यावर मला टोमणा सुचला होता, पण मारवला नाही.

समारोपाला फोटो काढला. सर्वसमावेशकता नीट दिसावी म्हणून आम्हा दोघींना पुढच्या रांगेत, अगदी मधोमध उभं केलं.

आता बाईंनी शाळेत प्रोग्रॅमिंगचा शनिवारचा वर्ग सुरू केलाय. मदतीला म्हणून मी बसने निफाडला जाते. परवा एका मुलीने आम्हा दोघींनाही न येणारं काही विचारलं. बाईंनी सरळ त्या मेंटॉरला फोन लावला.

"मलाही माहीत नाही," पलीकडून तो म्हणाला, "पण थांबा, एकत्र बघू."