पहिलं बाळंतपण केंदूरला नाही

सोनोग्राफी करता करता डॉक्टर बोलायचे थांबले, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. पाचवा महिना होता. त्यांनी आम्हाला दौंडहून पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाला सीसीएएम आहे. म्हणजे फुफ्फुसाचा एक भाग नीट बनलेला नाही, तिथे पाण्याच्या गाठी आहेत. पोटात बाळाला श्वास घ्यावा लागत नाही. प्रश्न जन्मल्यानंतरचा आहे. बाळंतपण कुठे करणार?"

"माहेरी, केंदूरला," मी सांगून टाकलं. पहिलटकरणीला दुसरं उत्तर माहीत नसतं.

"तिथे व्हेंटिलेटर मिळेल? श्वास देणारं मशीन?"

मी नकारार्थी मान हलवली.

मग ठरलं. दर पंधरवड्याला तपासणी. नववा लागला की हॉस्पिटलजवळ राहायला यायचं. कळांची वाट बघायची नाही, नेमल्या दिवशी बाळंतपण, आणि लहान मुलांचे डॉक्टर तिथेच हजर. आमचे हे रेल्वेत. रजा मिळाली तर बरोबर यायचे, नाहीतर मी एकटीच गाडीने. बाकावर ताटकळायचं, गाठ वाढली का एवढंच विचारायचं आणि परतायचं. कधीकधी उत्तर ऐकायचंही त्राण नसायचं.

त्यात आईची समजूत काढणं. तिने केंदूरला खोली सारवून, बाळंतशोपा निवडून ठेवलेल्या. "लोक म्हणतील, लेकीचं पहिलं बाळंतपण बी ह्यांना झेपलं न्हाई," ती म्हणाली. "तू बी हितंच झालीस की. काय झालं तुला?"

"तुला लोक हवेत की बाळ?" मी तोडून बोलले. मग किती दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

शेवटी तिला डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, या बाळाला जन्मताच घशातून नळी घालावी लागेल. पुण्याला पोचेपर्यंत ते थांबणार नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "मग मीच येते पुण्याला. खोली बघा कुठंतरी." आणि गाठोडी बांधून खरंच आली.

मुलगी झाली. बारीकसं रडली आणि निळी पडत गेली. नळी घालून तिला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. मला तिचा एक पाय तेवढा दिसला. काही दिवसांनी ऑपरेशन करून तो खराब भाग काढला. बाळंतिणीने सव्वा महिना बाहेरचं वारं घेऊ नये, असं सांगणारी माझी आई मला रोज कानाला रुमाल बांधून, दंडाला धरून जिना चढवायची. मी पिळून आणलेलं दूध नर्सकडे द्यायचे आणि काचेतून बघत उभी राहायचे. खूप थकले होते. आई नसती तर कोलमडले असते.

अशी वेळ कुणावर आली, तर बाळंतपण कुठे करायचं हे आधी डॉक्टरांना विचारा, पाहुण्यांना मागून. रुसवेफुगवे निस्तरता येतात.

बारसं मात्र केंदूरला केलं. बायका कुजबुजत होत्याच, लेक पुण्याला का नेली म्हणून. पोरीच्या अंगावरचा व्रण झाकायची आमच्याकडे रीत. आईने पाळण्यातून तिला उचललं, झबलं वर केलं आणि बरगडीवरची टाक्यांची खूण सगळ्यांना दाखवली.

"बघा नीट," ती म्हणाली. "हितं झाली असती, तर आज पाळणा रिकामा असता."

मी आत जाऊन आडवी झाले आणि किती महिन्यांनी गाढ झोपले.