जाड काप

झ्वोल या डच शहरातल्या आमच्या शाळेची सगळी देखभाल यांटिना वोल्बर्सकडे होती. किल्ल्या तिच्या, बॉयलर तिचा, मुलांचे ओले हातमोजे वाळवायचे तेही तिनेच. कॉफीबरोबर ती प्रत्येकाला एकच बिस्कीट द्यायची आणि लगेच डब्याचं झाकण लावायची. मी तिथे शिकवायचे; मी निवृत्त झाले, मग तीही झाली. शेजार तेवढा राहिला.

तिचा नवरा डेर्क गेला, तेव्हा दफनानंतरच्या कॉफीला तिने केक कापला. धाकटी बहीण आलैदा आपला काप खिडकीसमोर धरून म्हणाली, "यातून पलीकडचं चर्च दिसतंय गं. डेर्क असता तर दोन दिले असते." लोक हसले. यांटिना हसली नाही. त्यानंतर दोन वर्षं बहिणींचा अबोला.

आता आलैदा दूर दक्षिणेला, मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. यांटिना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "बाई, ती अशीच गेली तर संपलंच सगळं. तुम्ही काहीतरी करा. पण मी आधी बोलणार नाही हं!"

म्हणून मी तिघींची छोटी सहल ठरवली. आगगाडीने झुटफेन, तिथे मुक्काम, येताना डेव्हेंटर.

गाडी आली तशी यांटिना नेमकी शांततेच्या डब्यात शिरली. तिथे बोलायला मनाई. काचेवर लिहिलेलंच असतं. "हाच डबा बरा," ती म्हणाली. आलैदाही मुकाट्याने समोर बसली. मी मधे बसून गाई मोजल्या.

झुटफेनच्या जुन्या ग्रंथालयात साखळदंडांनी बांधलेली पुस्तकं आहेत. ती बघताना आलैदा मला म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, बिस्किटांच्या डब्यालाही अशी साखळी शोभेल."

"तिला सांगा, मला ऐकू येतं," यांटिना म्हणाली.

मला जरा आशा वाटली. पण जेवताना वाटाण्याच्या सूपवर पुन्हा दोघींची तोंडं बंद.

दुसऱ्या दिवशी डेव्हेंटरच्या चौकात यांटिना एकाएकी दिसेनाशी झाली. आलैदा गर्दीत टाचा उंचावून बघायला लागली. "तिचा गुडघा दुखतो ना? या दगडी रस्त्यावर गेली कुठे?" यांटिना आली ती काखेत पुडकं घेऊन. कुठे होते, हे तिने सांगितलं नाही.

परतीलाही तोच डबा. गाडी सुटल्यावर तिने पुडकं सोडलं. डेव्हेंटरचा मधाचा केक, लोणी. डेर्कचा खिशातला चाकू काढून तिने काप कापला. चांगला दोन बोटं जाड. वर लोणी थापलं आणि काप आलैदासमोर ठेवला.

आलैदाने तो उचलून खिडकीसमोर धरला. बराच वेळ धरला.

"काहीच दिसत नाही गं," ती म्हणाली. "चर्च नाही, नदी नाही."

"खा आता," यांटिना म्हणाली, आणि दोघी एकदमच हसत-रडत सुटल्या.

पलीकडच्या गृहस्थांनी काचेकडे बोट दाखवलं. "बाई, हा शांततेचा डबा आहे."

"पाळली की दोन वर्षं," यांटिना डोळे पुसत उठली. "चल आलैदा, पुढच्या डब्यात जाऊ."

दोघी गेल्या. पिशव्या, केक आणि मी तिथेच राहिलो. ते गृहस्थ केककडे बघत होते. मी त्यांना एक काप कापून दिला. पातळच, केक यांटिनाचा होता.