जवळचं की लांबचं

तात्या तयार झालेला पार्ट नाकाला लावून तपासायचे. मी नवीन होते तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की ते त्याचा वास घेतात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. तिथं चावीच्या जुन्या घड्याळांचे बारीक भाग बनतात. घड्याळात एक चाक सारखं डावीउजवीकडे झुलत असतं. त्याच्या मधोमध जो पोलादी कणा असतो, त्याला आम्ही ‘स्टाफ’ म्हणतो. तो लेथवर काढायचं काम तात्यांचं. अख्खा स्टाफ तांदळाच्या कणीएवढा आणि त्याची दोन्ही टोकं केसासारखी. मी तपासणीला होते. मला मायक्रोस्कोपशिवाय त्यातलं काही दिसायचं नाही. तात्यांना मायक्रोस्कोप नको, डोळ्याला लावायचं भिंगही नको. चष्मा काढून खिशात टाकला, की ते तयार.

चष्म्याचा नंबर उणे चौदा, शाळेत असल्यापासून वाढत गेलेला. चष्मा काढला की त्यांना समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग दिसे. पण नाकापुढच्या चार बोटांच्या जागेत सगळं मोठं आणि लख्ख. लेथवर ते इतके वाकायचे, की मागून पाहणाऱ्याला डुलकी लागली असं वाटावं. मालक दाराशी येऊन उभे राहिले, तर हे मान वर करून विचारायचे, “कोण उभंय ते? रंग ओळखीचा वाटतोय.”

एखादा स्टाफ चिमट्यातून उडाला, की ते ओरडायचे, “कुणी हलू नका! तो कुठं जात नाय, आपणच त्याला चपलेला चिकटवून नेतो.” मग आम्ही जिथल्या तिथं पुतळे. तात्या चपला काढून, हातापायांवर रांगत, फरशीवर नाक फिरवत यायचे. बहुतेक वेळा सापडायचा. नाही सापडला तर नवा काढायचे, आणि तो होईपर्यंत जुना माझ्याच ओढणीवर मिळायचा.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. नाकापुढचंही गढूळ दिसायला लागलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी नीट वेळ देऊन समजावलं. “ऑपरेशन करताना आत लेन्स बसवतो. ती लांबचं दिसेल अशी बसवू की जवळचं? लांबचं घेतलंत तर जाड चष्मा सुटेल, वाचायला तेवढा साधा लागेल. पण आत्ता नाकाजवळचं दिसतं, तसं मग दिसणार नाही. जवळचं ठेवलंत, तर जाड चष्मा राहील. घरी जाऊन ठरवा.”

तात्या गोंधळले. आयुष्यात त्यांना डोळ्यांबद्दल कुणी पसंती विचारली नव्हती. ते ज्याला त्याला विचारत सुटले. मालक म्हणाले, जवळचं. काकू म्हणाल्या, “लांबचं घ्या. जन्मभर त्या काडीकडं बघितलं, आता जरा आमच्याकडं बघा.” मला विचारलं तेव्हा मी आधी “जवळचं” म्हणाले, मग काकूंचा चेहरा आठवला आणि “लांबचं” म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, “मला नाही सांगता येत, तात्या.”

“मंग मला कसं येईल?” ते म्हणाले.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, “काय ठरलं?” तात्या म्हणाले, “लांबचं.” आणि हे कोण बोललं, असं बघावं तसं त्यांनी मागं वळून पाहिलं.

दोन्ही डोळ्यांचं काम व्यवस्थित पार पडलं. तपासणीहून परत येताना आम्ही सीबीएसच्या बसस्टँडवर उतरलो, आणि तात्या बिनचष्म्याचे जे उभे राहिले ते हलेचनात. आत वळणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्यानं वाचायला लागले. “वणी! ती बघ लासलगाव! अगं, सटाणा!” गाठोडं घेतलेल्या एका बाईनं त्यांना विचारलं, “भाऊ, चांदवडची कवा लागंल?” तात्यांनी टाचा उंचावून लांबवर पाहिलं आणि सांगितलं, “येतेच हाय. वळली बघा.” काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही.

कामावर आले त्या सकाळी त्यांनी सवयीनं चष्मा काढायला कानाकडे हात नेला. चष्मा नव्हताच. स्टाफ चिमट्यात धरला, नाकाशी नेला. थोडा लांब नेला. आणखी लांब. परत जवळ आणला. मी माझं काम सोडून बघत होते. त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं नाकापुढच्या मोकळ्या हवेत फिरवली.

“हितं होतं,” ते म्हणाले. “हितंच तर होतं सगळं.”

मालकांनी भिंग दिलं. ते तात्यांच्या भुवईखाली टिकेना. त्यांनी ते कधी धरलेलंच नव्हतं. मायक्रोस्कोपवर बसवलं तर गरगरायला लागलं. टोकं मोडू लागली. एकदा त्यांनी लेथ बंद केला आणि मला विचारलं, “पोरी, हे बरं झालं का वाईट झालं?”

मला रडू येत होतं. तेवढ्यात चहा आला. आम्ही पेले घेऊन बाहेर पायरीवर बसलो, तर हे वर बघून ओरडले, “ती घार बघ! शेपटीला मधोमध खाच हाय तिच्या. ही आधीपासून असती का गं?” चेहरा असा उजळला होता, की त्यांचं सांत्वन करावं की त्यांच्याबरोबर हसावं, हेच मला कळेना. मी नुसतं “असते” म्हणाले.

पुढं त्यांनी काम सोडलं आणि काकूंना घेऊन चांदवडजवळच्या आपल्या गावी राहायला गेले. जाताना मी विचारलं, “डॉक्टरबाईंनी आज परत विचारलं, तर काय सांगाल?” ते म्हणाले, “विचार करून कळवतो.” मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले.

पंधरा-वीस दिवसांनी फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. “जवळचं,” म्हणाले आणि ठेवला. मग पुन्हा एकदा आला, “नाय, लांबचंच. तुझ्या काकूच्या केसात लय पांढरं झालंय, मला ठावकीच नव्हतं.” नंतर परत “जवळचं”. असं पुष्कळ दिवस चाललं. मी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना आजचं उत्तर सांगायची आणि सगळे हसायचे. त्यांच्या लेथवर आता दुसरा माणूस भिंग लावून बसतो. काम चांगलं करतो.

परवा फोन आला. मीच आधी विचारलं, “काय तात्या, आज काय ठरलं?”

“कशाचं?”

“जवळचं की लांबचं?”

“हां, ते व्हय,” ते म्हणाले. “ते राहू दे. हायवेला कांद्याच्या गाड्यांची लय मोठी रांग लागलीय, पार घाटापर्यंत. गच्चीवरनं दिसतीय. तू जेवलीस का?”

मी जेवले म्हणून सांगितलं. फोन ठेवला, मायक्रोस्कोपखालचा स्टाफ सरळ केला आणि डोळा लावला, पण बराच वेळ मला काही दिसेना.