न सापडलेला फॉल्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही, उदगीरला माहेरी सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. पण तोंड उघडलंय, तर ऐका.

लातूरच्या बाजारात आमचं डाळीचं दुकान आहे. त्याच्या एका कोपऱ्यात माझं टेबल. लोक तिथं जुने डायलचे फोन दुरुस्तीला आणतात — काळे, जड, बोट घालून फिरवायचे. डायल रेंगाळत मागं येत असेल तर आतलं चाक पुसायचं, तेलाचा जरासा हात द्यायचा. घंटा बसकी वाजत असेल तर पितळी वाटी थोडी सरकवायची. आणि मग कित्येक वर्षं मुका असलेला तो फोन एकदम खणखणतो ना — मला या वयातही टाळी वाजवावीशी वाटते. वाजवतेही.

"हे कुठं शिकलात?" लोक विचारतात. "बघून बघून," मी म्हणते. खोटं नाही ते. पण कुणाला बघून? आणि कसं बघून?

मी लग्न होऊन आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, जीपमधून फिरणारे साहेब. पाऊस तेवढा नव्हता. नळ कोरडे, टँकरमागं घागरींची रांग, आणि धूळ — ताटात, गादीवर, पापण्यांवर. त्याच दिवसांत मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकानात फोन घेतला. त्याच्यावर भस्माची तीन बोटं ओढली, हार घातला. आत्याबाई, माझ्या सासूबाई, फोनवर बोलायचं झालं की आधी डोक्यावर पदर घ्यायच्या. फोन सोलापूरचा असो की शेजारच्या गल्लीतला, ओरडायच्या सारख्याच.

थोड्याच दिवसांत डायल अडकायला लागली. खरंच अडकली होती हं, धुळीनं. तेव्हा व्यंकटराव आले. फोनचे मेकॅनिक. सायकल, चामड्याची पिशवी, कानामागं पेन्सिल. त्यांनी तळाचे स्क्रू काढले, काळं टोपण उचललं — आणि दुकानामागच्या आमच्या घराच्या दाराआडून मी आत पाहिलं.

काय सांगू? माहेरी शिलाई मशीन उघडलं म्हणून मी मार खाल्ला होता. पण हे! दोन पितळी वाट्या, मधे इवलासा टोला, रंगीत तारा, आणि डायलच्या मागं गर्रकन फिरणारं ते चाक. व्यंकटराव काम करताना स्वतःशीच बोलायचे. "ही पाती टेकली की जीव येतो बघा फोनला." मी चहा देऊन तिथंच उभी राहिले. कप रिकामा झाला तरी उभी. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, फोनच्या पोटात देऊळ आहे. तो हसत सुटला.

मला ते पुन्हा बघायचं होतं. पण फोन तर चांगला चालत होता. मग?

मग मीच बिघडवला.

दुपारी सगळे आडवे झाले की मी घरच्या शिलाई मशीनच्या पेचकसानं स्क्रू काढायची आणि त्या पात्यांमधे कागदाचा कपटा सरकवायची. रिसीव्हर उचलला की पाती टेकायला हवीत, ती टेकायचीच नाहीत. मामंजी रिसीव्हर कानाला लावून "हॅलो! हॅलो!" करायचे आणि घंटा आपली वाजतच राहायची. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसायची. तक्रार जायची. गल्लीच्या तोंडाशी सायकल दिसली की मी पुसायचं निमित्त करून फोन आत न्यायची आणि कपटा काढून घ्यायची.

व्यंकटरावांना काहीच सापडायचं नाही. आणि काही सापडलं नाही की माणूस काय करतो? सगळं उघडून बघतो. प्रत्येक वेळी आणखी एक भाग सुटा व्हायचा, आणखी काही ते स्वतःशी बोलायचे, आणि मी शिकायची. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते. ते मात्र घामाघूम. "वहिनी, फोन चांगला हाय की वो! मी गेलो की काय होतंय ह्याला?" मी मान हलवायची. काय की.

मामंजींचे सौदे हुकायला लागले. ते चिडले. "ह्या माणसाला काई येत न्हाई," म्हणाले, आणि वर साहेबांकडं गेले. तक्रारीवर तक्रार साचलेलीच होती. व्यंकटरावांची लांब उमरीला बदली झाली. बायको-लेकरं इथं लातूरला, ते तिकडं. जायच्या आधी ते मुद्दाम दुकानात येऊन मामंजींपुढं हात जोडून उभे राहिले. "मालक, तेवढा फॉल्ट न्हाई सापडला मला." मी दाराआड होते. चार पावलांवर. एक शब्द बोलले असते तर? नाही बोलले. त्यानंतर फोन कधीच बिघडला नाही, आणि मामंजी सगळ्यांना सांगत राहिले, बघा, माणूस बदलला तर फोन सुधारला.

हे एवढंच असतं तर पोरवयाची खोडी म्हणून मी कधीच सांगून टाकलं असतं.

गेल्या वर्षी एक म्हातारा माणूस भंगारात मिळालेला काळा फोन काखेत घेऊन दुकानात आला. कानामागं पेन्सिल. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. "वहिनी, तुम्ही? तुम्ही करता हे?" इतके हरखले! दोघांनी मिळून तो फोन उघडला. स्क्रू मी काढले, तारा त्यांनी ओळखून सांगितल्या. दुकानाच्या जुन्या लाईनला जोडला, मोबाईलवरून नंबर लावला — आणि वाजला! आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसलो. इतका छान दिवस माझ्या वाट्याला फार कमी वेळा आलाय.

मग चहा पिताना त्यांनी विचारलं, "आता तुम्हाला समदं कळतंय. सांगा बरं, तुमच्या त्या फोनला काय झालं होतं? आजून झोपताना आठवतंय मला."

मी म्हणाले, "धूळ असंल. दुष्काळाची. पात्यांत बसली असंल."

"म्हंजे मीच पाती नीट पुसली न्हाईत," ते म्हणाले. त्यांनी मान डोलावली. "माझंच चुकलं म्हणा. चला, कळलं तरी."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

संध्याकाळी स्टँडवरून त्यांनी दुकानाच्या लाईनवर फोन केला. उमरीची गाडी लागली होती. म्हणाले, लई वर्षांचा काटा निघाला, आज मोकळं वाटतंय. मी म्हणाले, सावकाश जा. आणि रिसीव्हर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक जुना फोन आला दुरुस्तीला. स्क्रू काढले, टोपण उचललं, आत बघितलं — आणि मला नेहमीइतकाच आनंद झाला. जराही कमी नाही.