शहाळं नको म्हणणारी सून

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंचा रक्ताचा रिपोर्ट बघता बघता डॉक्टर गप्प झाले, तेव्हाच मी वाईटच बातमी धरून चालले. किडनी नीट काम करत नाही, म्हणाले. रक्तातलं पोटॅशियम बाहेर न पडता साठत राहतं आणि फार वाढलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. केळी बंद, फळांचे रस बंद. शहाळं तर अजिबात नाही. धडधाकट माणसाला ते चांगलं, पण यांच्या जिवावर बेतेल.

सासूबाईंनी मुकाट मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "त्याच्या गोळ्या लई गरम पडतेत. मंग थंड नको का काई?"

आमच्याकडे गोळ्या गरम पडतात. तोंड आलं, डोळे जळजळले, झोप उडाली, की गोळी गरम पडली. त्यावर उतारा म्हणजे शहाळं. डॉक्टरशी वाद घालता येतो, या 'गरम पडण्या'शी कसा घालणार?

मग मी दारात पहारा सुरू केला. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही, आणि उन्हाळ्यात हातात शहाळंच असतं. मी ते दारातच घ्यायची, "नंतर देते हं" म्हणायची आणि शेजारी पोचवायची. शेजाऱ्यांची तब्येत सुधारली आणि माझं नाव खराब झालं. सून सासूला पाणीसुद्धा पिऊ देत नाही, ही बातमी औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेली. माझ्यात कुणाशी भांडायचं त्राण नव्हतं. सासूबाई दुपारी लवंडल्या, तरी मी जवळ जाऊन त्यांची छाती वरखाली होते ना, ते बघायची.

अशाच एका दुपारी करमाडहून मावशी आल्या. सासूबाईंची ही धाकटी बहीण. पदर घामानं भिजलेला, पिशवीत वरून तासून घेतलेली शहाळी. मी पिशवीला हात घातला, तर त्यांनी ती सोडलीच नाही.

"अगं, पाणीच हाये ते. दारू नाय पाजत मी माझ्या बहिणीला."

"मावशी, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. आईंच्या किडनीला..."

"तोंड बघ तिचं, कसं सुकलंय. लई जपतीस, व्हय? जपून जपून वाळवलीस तिला."

ते मला फार लागलं. तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, नळ आला. आमच्या शहरात नळ आला की नवरदेव दारात उभा असला तरी आधी मोटर लावावी लागते. मी खाली पळाले. मोटर मेली हवा धरून बसली होती, तिच्याशी झटापट करण्यात वेळ गेला. वर आले तर एक शहाळं रिकामं होऊन फरशीवर पडलेलं आणि दुसरं सासूबाईंच्या तोंडाला. मावशी पाठीवरून हात फिरवत होत्या.

मी ते हिसकावून घेतलं. दुसरंही जवळपास संपलं होतं.

संध्याकाळी सासूबाई उठायला गेल्या आणि मटकन खाली बसल्या. पायात जोर नाही, म्हणाल्या, आणि छातीत काहीतरी फडफडतंय. मी रिक्षा बोलावली. गल्लीत लावलेल्या गाड्यांमधून ती निघेना. मी रिक्षावाल्यावर खेकसले, गाड्यावाल्यांवर खेकसले. सासूबाईंचं मनगट घट्ट धरून बसले होते. मला नाडीतलं काही कळत नाही, तरी सोडवेना. मावशी रिक्षाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या, पदर तोंडात कोंबून.

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या. निघालेली कागदी पट्टी बघून डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. शिरेतून इंजेक्शन सुरू झालं.

"आज काय घेतलंय यांनी? खरं सांगा."

"शहाळं," सासूबाईच बोलल्या. "दोन."

"कुणी दिलं?"

मावशींचा चेहरा पांढरा पडला. त्या काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "सुनेनं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. शिकल्यासवरल्या दिसता, समोर बसवून समजावलं होतं, माणूस जातं अशानं. सगळा वॉर्ड ऐकत होता. माझ्या कानातून वाफा निघत होत्या. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी पदर पुन्हा तोंडात कोंबला होता.

"चुकलं," मी म्हणाले.

ठोके हळूहळू ताळ्यावर आले. धोका टळलाय असं मात्र कुणी म्हणेना, रक्त पुन्हा तपासायला गेलं होतं. मावशी चहा आणायला गेल्या, तशी मी खाटेवर वाकले. रागानं माझा आवाज फाटत होता.

"आई, माझं नाव का घेतलंत?"

त्यांनी डोळे उघडले. "चारचौघांत तिला बोलला असता डॉक्टर, तर ती पुन्ना माझ्या दारात आली नसती." दम घेतला आणि माझा हात चाचपला. "तू कुठं जातीस मला सोडून? तू माझी हायस."

मी त्यांचं मनगट पुन्हा धरलं. दुसरा रिपोर्ट अजून यायचा होता, आणि आता मला आधीपेक्षा जास्त भीती वाटत होती.