खालच्या पायरीवरच्या चपला

आमच्या बँकेत शिरण्याआधी ते खालच्या पायरीवर चपला काढून ठेवायचे. नीट जोडीनं, टाचा भिंतीला लावून. मग वाकून पायरीला हात लावायचे आणि अनवाणी वर यायचे. भिवंडीतल्या त्या काळ्या दगडाच्या बँकेत तुमचं कधी जाणं झालं असेल, तर राहनाळचे हे काका तुम्हीही पाहिले असतील.

मी तिथं कारकून होतो. नवा असताना त्यांना म्हटलं, काका, हे काही देऊळ नाही. ते शांतपणे म्हणाले, "आमचे बापाचे होरीतना आलाय यो दगड."

ती बँक खाडीकाठच्या गावांनी मिळून उभी केली होती. दगड होड्यांतून आला आणि काकांच्या वडिलांनी त्या फेऱ्यांची मजुरी घेतली नाही. काका हे प्रत्येक नव्या साहेबाला सांगायचे. साहेब घड्याळाकडे बघायचा.

पुढे एका मोठ्या बँकेनं आमची बँक गिळली. शाखा हायवेवर काचेच्या इमारतीत गेली. मी तिथूनच निवृत्त झालो. माझं घर जुन्या बँकेच्या समोरच, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मला गॅलरीतून बघावा लागला.

आधी तिथं कापडाचं गोदाम झालं. तिजोरीच्या खोलीत छतापर्यंत तागे. काका तिथंही यायचे, चपला काढून. गोदामवाला शेठ भला माणूस. "चाचा, चप्पल पहन लो, कील लग जाएगी," म्हणायचा. काका म्हणायचे, "लागू दे." गोदाम गेलं, क्लासवाले आले. तेही गेले आणि तयार कपड्यांचा सेल लागला. छप्पर गळायला लागलं. चकरेला आले की काका माझ्याकडे चहा घ्यायचे आणि दर वेळी एकच विचारायचे, "मी हाय तवर उभी ऱ्हाईल ना?"

राहील हो, मी म्हणायचो. दगड आहे तो.

मग त्यांच्या मुलानंच ती इमारत विकत घेतली. मुलाची दापोड्याला गोदामं, दारात मोठी गाडी. काका पेढे घेऊन माझ्याकडे आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "घरची झाली," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. मुलानं त्यांना सांगितलं होतं, काम काढायचंय, नारळ तुमच्या हातचा पाहिजे. आमच्याकडे साधी कौलं बदलायची असली तरी वडीलधाऱ्याच्या हातचा नारळ लागतो. काकांना वाटलं, छप्पर बदलायचं असेल. पोटच्या पोराला आणखी काय विचारायचं?

त्या सकाळी ते धुतलेला सदरा घालून आले. मलाही खाली बोलावलं. खालच्या पायरीवर चपला काढल्या, वर जाऊन उंबऱ्यावर नारळ फोडला, पाणी शिंपडलं. मुलानं त्यांना हाताला धरून रस्त्याच्या अलीकडे, माझ्या शेजारी आणून उभं केलं. तेवढ्यात गल्लीतून जेसीबी आला.

"यो कशाला?" काकांनी विचारलं.

"दुकानांचे गाले काढायचेत, बाबा. बोल्लो व्हतो ना, काम हाय."

पहिला दणका पायऱ्यांवरच बसला. चपला तिथंच होत्या.

काका हातातल्या नारळाच्या वाटीकडे बघत राहिले. "नारल माझेच हातचा," म्हणाले. मी माझ्या चपला पुढे केल्या, त्यांनी घेतल्या नाहीत. भर उन्हात राहनाळच्या दिशेनं अनवाणी चालू लागले. मुलगा मागून गाडी घेऊन हॉर्न वाजवत होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर ते या रस्त्याला आले नाहीत. वर्ष सरायच्या आत गेले. मला त्या पोराचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

आता तिथं चकचकीत गाळे आहेत. वर सोनेरी अक्षरांत काकांचंच नाव. गाळा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मुलगा छाती फुगवून सांगतो, "पयला नारल बाबांनीच फोरला."

खोटं नाही ते. लोक कौतुकानं मान डोलावतात आणि बूट वाजवत वर जातात.